भिंतीकडे तोंड करून

"तोंड पाहिलं की कान फसतो, बाई," असं म्हणायचे आणि आमचे साउंडवाले चाचा माझ्याकडे पाठ करायचे.

कार्यक्रम कुठलाही असो, त्यांची रीत एकच. गाणाऱ्याला स्टेजवर उभं करायचं, माईक बंद ठेवायचा आणि आपण हॉलच्या पार टोकाला जाऊन भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. नाक भिंतीला लागेल इतकं जवळ. मग उजवा हात वर जायचा. हात वर गेला की आपण सुरू करायचं. "पहिले बिना माईकचं," एवढंच बोलायचे. कुणी नवा माणूस पाहायला असला तर त्याला वाटायचं, गुरुजींनी शिक्षा केलेलं हे एखादं म्हातारं पोरगं आहे.

आपलं कडवं संपलं की हात खाली यायचा आणि ते वळायचे. तेवढ्या ऐकण्यावर सगळं ठरायचं. कोणाला कोणता माईक, तो तोंडापासून किती लांब, स्पीकरचा बॉक्स किती उंचावर, त्याचं तोंड कुठे. गाणाऱ्याला मात्र एकच निकाल असायचा. "अजून न्हाई."

बारा वर्षं मी त्यांच्या माईकवर गायले. बारा वर्षं "अजून न्हाई". दुसऱ्या कुणाला त्यांनी कधी "बराबर" म्हटल्याचंही मी ऐकलं नाही, पण दुसऱ्यांचं मला काय करायचं होतं.

चाचा गेले त्याला आता सहा महिने होतील. गावात त्यांच्याबद्दल लोक चांगलंच बोलतात. मीही बोलते. शाळेच्या स्टाफरूममध्ये बोलते, कार्यक्रमात निवेदन करताना बोलते. इथे मात्र जे झालं ते सांगते, म्हणजे तुम्हाला चाचा कळतील आणि मीही कळेन.

कळमनुरीला बसस्टँडच्या मागे त्यांचं साउंडचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक खोली, तिच्या मागे घर. लग्नाच्या वरातीचं काम त्यांनी कधी घेतलं नाही. कुणी मोठ्या बॉक्सची चौकशी करत आलं तर म्हणायचे, "ते पलीकडं भेटंल. हिथं गळ्याचं काम व्हतं." त्यांच्याकडे यायची ती भजनी मंडळं, नात म्हणजे पैगंबरांची स्तुतिगीतं म्हणणारे, भीमगीतांचे आमच्यासारखे छोटे संच. आमचा संच तिघांचा. मी गाणारी, शाळेत मराठी शिकवणारी. पेटीवर वाघमारे सर, तबल्यावर विलास. विलासचं झेरॉक्सचं दुकान आहे आणि त्याची जीभ त्याच्या बोटांपेक्षा जलद चालते.

मी एकदा मोबाईलवर व्हिडिओ पाहून हट्ट धरला की मला स्वतःचा माईक घ्यायचा आहे, आणि तोही स्टुडिओत असतो तसला, लांबून ऐकणारा. चाचा माझ्याबरोबर नांदेडला आले. दुकानदाराने तो माईक काढला, लावला, मी एक ओळ म्हटली. माझा आवाज इतका सुंदर मी कधी ऐकला नव्हता. चाचांनी दुकानदाराला सांगितलं, "आता पंखा लावा." पंखा लागला. बॉक्समधून माझ्याबरोबर पंखाही गायला लागला.

"लई हुशार माईक हाये हा," चाचा म्हणाले. "समदं ऐकतो. आपल्या मांडवात चारी बाजूला पंखे असतात बाई. तुमाला येडा माईक पायजे. ज्याला जवळचं तेवढंच समजतं."

मी तो येडा माईक घेऊन परत आले. साधा, जड, हातोड्यासारखा. त्यांनी त्याला निळा दोरा बांधला आणि आपल्याच सामानाच्या ट्रंकेत ठेवून दिला, म्हणजे त्याची निगा ते राखतील. प्रत्येक कार्यक्रमानंतर ते माईकची जाळी काढून साबणाने धुवायचे. बाकी माईकांचीही धुवायचे. "एकाचा थुंका दुसऱ्यानं काहून खावा," म्हणायचे. गावात दुसऱ्या कुणा साउंडवाल्याने हे केल्याचं मला माहीत नाही. निळ्या दोऱ्याच्या माईकवर त्यांनी दुसऱ्या कुणाला कधी गाऊ दिलं नाही.

पेटीचा माईक ते पेटीवर कधी लावायचे नाहीत, मागच्या बाजूला भात्याजवळ लावायचे. वाघमारे सरांना ते पटायला दोन वर्षं लागली. केबल कोपरावर गुंडाळलेली दिसली की चाचा हातातून काढून घ्यायचे. आतली तार पिळून तुटते म्हणायचे आणि एकेक वळसा तळहातावर मोजल्यासारखा घ्यायचे. आणि इको. इकोचं नाव काढलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची.

इकोवरूनच आमचं बिनसलं.

माझं सासर जवळा बाजारचं. तिथे जयंतीला आमचा कार्यक्रम होता. सासू, दोन नणंदा, जावा, सगळ्या पुढच्या सतरंजीवर बसलेल्या. मी नवी साडी नेसले होते. पहिलं गाणं झालं आणि मला वाटलं, आवाज कोरडा जातोय. मी माईकवरूनच म्हणाले, "चाचा, जरा इको वाढवा."

चाचा मागे मिक्सरजवळ होते. त्यांना माईकची गरज नव्हती. सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं ते तिथूनच म्हणाले, "बाई, पहिले गळा वाढवा."

मांडव हसला. माझी सासू हसली. धाकटी नणंद तर पदर तोंडाला लावून लोळायची बाकी होती. पुढची कित्येक वर्षं त्या घरात भाजीत मीठ कमी पडलं, पोळी जाड झाली, काहीही झालं की नणंद म्हणायची, "वहिनी, पहिले गळा वाढवा." मी हसायचे. दुसरं काय करणार.

चाचा ते विसरून गेले असावेत. दुसऱ्याच आठवड्यात मला म्हणाले, "तुमचा आवाज बारीक हाये बाई, पर खोटा न्हाई. म्हणून तर तकलीफ देतो." मी हे ऐकलं आणि मनात ठेवलं नाही. मनात मांडवाचं हसणं ठेवलं. मी तशीच आहे. कुणी केलेलं कौतुक माझ्या लक्षात राहत नाही, अपमान मात्र मी लोणच्यासारखा मुरवते.

मग गावात वाचनालयाचा हॉल झाला. दीडेकशे खुर्च्या, वर पत्रा, सात पंखे. हॉलसाठी साउंड घ्यायचा ठरला आणि समितीत वाघमारे सर सचिव, मी सदस्य. चाचांनी आयुष्यात कुणाकडे काही मागितल्याचं मी पाहिलं नव्हतं. ते माझ्या शाळेत आले. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात उभे राहिले.

"बाई, इतकी वर्सं लावलं आन काढलं," ते म्हणाले. "सकाळी लावा, संध्याकाळी काढा. एक हॉल माझ्या हातानं बसवू द्या. जो काढावा लागणार न्हाई. मंग मी सुटलो."

मी म्हणाले, "बघू या, समिती ठरवेल." फार थंडपणे म्हणाले. ते माझ्या तोंडाकडे पाहत होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हल्ली ते सारखे तोंडाकडेच पाहतात.

मग मी नीट पाहायला लागले. पुढच्या दोन कार्यक्रमांत ते भिंतीकडे वळलेच नाहीत. समोर खुर्ची टाकून बसले आणि माझे ओठ पाहत राहिले. मधेच उठून बॉक्सच्या जाळीवर तळहात ठेवायचे, आवाज हाताला लागतोय का ते बघायचे. डावीकडून हाक मारली तर ओ द्यायचे नाहीत. मी विलासला सांगितलं. विलासच्या डोळ्यांत चमक आली. त्यालाही चाचांनी एकदा "तबला वाजवून राहिले का दार" असं चारचौघांत विचारलं होतं.

"बहिरं झालंय म्हातारं," विलास म्हणाला. "आन हॉल बसवायला निघालं. बाई, एक गंमत करू."

गंमत काय ते त्याने सांगितलं. मी नको म्हणाले नाही. वरून मी स्वतःला असंही समजावलं की हे गावाच्या भल्याचंच आहे, बहिऱ्या माणसाच्या हाती हॉल कसा द्यायचा. माणसाला एकदा वाईट वागायचं असलं की कारणं आपोआप रांगेत येऊन उभी राहतात.

चाचणी रविवारी दुपारी होती. हिंगोलीहून एक विक्रेता आला होता. त्याने कपाटाएवढे दोन बॉक्स स्टेजच्या दोन्ही बाजूंना उभे केले आणि मोबाईलवरून एक गाणं लावलं. खिडकीच्या काचा थरथरल्या. समितीतल्या मंडळींच्या माना डोलल्या. चाचांनी नांदेडहून मागवलेले दोन बॉक्स पाहून तर विक्रेता हसलाच. वीतभर रुंद, पुरुषभर उंच, नुसते खांब.

"यातून काय आवाज येणार, चाचा?" त्याने विचारलं.

चाचांनी ते न ऐकल्यासारखं केलं, की त्यांना ऐकूच आलं नाही, मला माहीत नाही. ते समितीला म्हणाले, "वर पत्रा हाये. मोठा बॉक्स पत्र्यावर आवाज फेकतो, मंग तो वरून परत पडतो. बोल समजत न्हाई. हा बारीक डबा आडवा फेकतो, बसल्या माणसाच्या कानावर. गाणं वाजवू नका. बाईंना गाऊ द्या. बाईंचा आवाज बारीक हाये. तो शेवटच्या खुर्चीला समजला म्हणजे समदं जमलं. पेटी नको, तबला नको. नुसता गळा."

त्यांनी ट्रंकेतून निळ्या दोऱ्याचा माईक काढला आणि दोन्ही हातांनी माझ्या हातात दिला. नंतर ते हॉलच्या मधोमध मिक्सरजवळ जाऊन बसले. माझ्याकडे तोंड करून.

मी पहिलं कडवं खरं गायले. आता सांगायला हरकत नाही, त्या खांबांतून माझा आवाज जसा गेला तसा तो पुन्हा कधी गेला नाही. एकेक शब्द शेवटच्या भिंतीपर्यंत चालत गेल्यासारखा वाटला. दुसऱ्या कडव्याला मी आवाज बंद केला. ओठ हलवत राहिले. डोळे मिटले, हात केला, समेवर मान दिली. सगळं केलं, गळा सोडून.

हॉलमध्ये पंख्यांचा आवाज. विलासने खाली मान घालून हसू दाबलेलं. समितीतल्या दोघातिघांना काय चाललंय ते कळलं आणि ते गालातल्या गालात हसायला लागले.

चाचांनी एक बटण किंचित फिरवलं. थांबले. आणखी थोडं फिरवलं. उठून खांबाच्या जाळीवर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. माझ्याकडे पाहिलं. मी गातच होते, म्हणजे ओठ हलवतच होते, त्यांच्या डोळ्यांत बघून. मग ते परत जाग्यावर गेले, उभे राहिले आणि म्हणाले, "बराबर."

खरं सांगते, अर्धा क्षण मला बरं वाटलं. बारा वर्षांनी ऐकलेला तो शब्द. नंतर हॉल फुटला. खुर्च्यांवर माणसं वाकून वाकून हसली. विक्रेता जोराने म्हणाला, "चाचा, पहिले कान दाखवून घ्या." मीही हसले. मांडवात माझी सासू हसली होती, अगदी तशी.

चाचांनी सगळ्यांकडे पाहिलं. शेवटी माझ्याकडे. काय झालं ते कुणीच त्यांना सांगितलं नाही. त्यांनी मिक्सर बंद केला, केबल काढली आणि ती कोपरावर गुंडाळली. भराभर, दोरखंड गुंडाळतात तशी. मी ते पाहिलं आणि माझं हसणं थांबलं, पण तोपर्यंत उशीर झाला होता.

वाघमारे सर हॉलच्या पायऱ्यांवर मला म्हणाले, "बाई, चांगलं नाही केलं तुम्ही." मग आत जाऊन त्यांनीही मोठ्या बॉक्सच्या बाजूने हात वर केला.

मला वाटलं होतं, आज ना उद्या चाचांना कुणीतरी सांगेल. छोटं गाव, कुणाच्या पोटात काय राहतंय. पण ज्यांना माहीत होतं त्यांनी एकमेकांना सांगून हसून घेतलं आणि चाचांसमोर कुणी तोंड उघडलं नाही. महिन्याभरात दुकानाची पाटी उतरली. तिथे मुलाने मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं. सामान विकलं म्हणून कळलं.

हॉलचं काय झालं ते ऐका. कपाटाएवढे बॉक्स बसले. पत्र्याने आवाज वर घेतला आणि वरून खाली टाकला. मुलांची भाषणं, कवितावाचन, शोकसभा, सगळं एकच गुरगुरणं. मला आयुष्यभर हवा होता तो इको मिळाला, पोटभर मिळाला. एका कार्यक्रमानंतर एक म्हातारी माझ्याजवळ आली, माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "लई मोठा आवाज होता माय. गाणं कोणतं होतं?"

त्यानंतरच्या रविवारी मी चाचांकडे गेले. सांगून टाकायचं असं ठरवून गेले होते.

सुनेने दार उघडलं. "अब्बांशी समोरून बोला म्याडम," ती म्हणाली. "आता काहीच ऐकू येत न्हाई. तोंड दिसलं तर समजतं." आणि ती चहा ठेवायला आत गेली.

चाचा दिवाणावर बसले होते. खूप बारीक झालेले. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला, आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"बसा बाई. गळा कसा हाये?"

"बरा आहे."

"हॉलचे डबे कसे हायेत?"

मी म्हणाले, "चांगले आहेत."

"बरं झालं मंग," ते म्हणाले. "माझ्या हातानं वाटोळं झालं असतं." ते पुढे सरकून बसले. "एक गोष्ट मी कोणाला बोललो न्हाई बाई. त्या रोजी डाव्या कानाला कमी होतं, पर उजव्याला समदं येऊन राहिलं होतं. पंखा करकर करून राहिला ते आलं. बाहेर ऑटोवाला औंढा-औंढा वरडून राहिला ते आलं. तुमचं पहिलं कडवं आलं. आन मंग तुमीच बंद. डब्यावर हात ठिवला, डबा बी गप. म्हणलं, कान बी गेला आन हात बी गेला. नेमका तुमचाच आवाज निवडून गेला."

म्हणजे त्या दिवशी माझी लबाडी त्यांच्या कानानेही पकडली होती. मी विचारलं, "मग बराबर का म्हणालात?"

त्यांनी माझे ओठ वाचले आणि नवल वाटल्यासारखे पाहत राहिले.

"तुमी गाऊन राहिल्या होत्या ना," ते म्हणाले. "तोंड हलून राहिलं होतं. मी म्हणलं, कान खोटा असंल. बाई काहून खोटं गातील? मंग लोकं हसले, तवा समजलं. माईक शिट्टी मारून राहिला असंल, आन मला पत्ताच न्हाई. त्या रोजापासून मी कानावर भरोसा सोडला. पोरगा मशीन आणतो म्हणला. मी म्हणलं, राहू दे. ज्याला बाईंचं गाणं ऐकू आलं न्हाई त्याला आणखी काय ऐकायचं हाये."

मी बोलले नाही. बोलायला हवं होतं. ते समोर होते, माझ्या तोंडाकडे पाहत होते, चार शब्द बोलले असते तर त्यांना कळले असते.

"एकदा म्हणता का बाई?" ते म्हणाले. "बिना माईकचं. ह्या टायमाला तोंडाकडं पाहत न्हाई."

ते दिवाणाला धरून उठले. चार पावलं चालून समोरच्या भिंतीपाशी गेले. पूर्वी जिथे बॉक्स रचलेले असायचे तिथे आता कॅलेंडर होतं. त्यांनी माझ्याकडे पाठ केली, नाक भिंतीला लागेल इतके जवळ उभे राहिले आणि उजवा हात वर केला.

तेव्हा मी बोलले. त्यांच्या पाठीला. "चाचा, मी त्या दिवशी गायले नव्हते. नुसते ओठ हलवले होते. तुमचा कान खरा होता." हे मी मोठ्याने म्हणाले, स्पष्ट उच्चारात म्हणाले, वर्गात म्हणते तसं. त्यांना ऐकू येणार नाही हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच म्हणाले.

हात वरच होता. "करा ना बाई सुरू," ते भिंतीला म्हणाले. "मी ऐकून राहिलो."

चार पावलं पुढे जाऊन त्यांच्या खांद्याला हात लावायचा होता. मी मागे सरकले. आतून कपबश्यांचा आवाज येत होता. मी चपला हातात घेतल्या. तेवढं तरी कशाला, चपला वाजल्या असत्या तरी त्यांना कळलं नसतं.

दारातून मागे पाहिलं. हात अजून वर होता.